कुठे आवळायचं, कुठे मोकळं सोडायचं

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत लोखंड दगडाला किंवा काँक्रीटला धरून ठेवण्याचे जितके प्रकार पाहायला मिळतात, तितके एवढ्याशा टापूत क्वचितच सापडतील. शिवनेरीच्या साखळीच्या वाटेवर कड्यात साखळ्या अडकवलेल्या आहेत. हडसरच्या खुंट्यांच्या वाटेवर कातळात लोखंडी खुंट्या आहेत. चावंडच्या उभ्या पायऱ्यांना रेलिंग आहे. जीवधनला खेटून उभ्या असलेल्या वानरलिंगीच्या सुळक्यावर प्रस्तरारोहकांचे बोल्ट आहेत. खाली सपाटीला उतरलं की नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात पत्र्याच्या शेड, पॉलिहाउस आणि सौर पॅनेलचे सांगाडे लागतात. खोडदला महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आहेत, आणि जुन्नरचा विघ्नहर व आंबेगावचा भीमाशंकर हे दोन सहकारी साखर कारखाने आहेत.

या सगळ्या कामांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बोल्ट कोणता घ्यायचा? आणि उन्हानं किंवा वाफेनं तापून वाढणाऱ्या लोखंडासाठी भोकात जागा किती ठेवायची? दोन्ही प्रश्न जोडीनं विचारले जातात, पण त्यांची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी दडलेली असतात. कड्यावर बोल्ट मारणारी मंडळी उष्णतेची गरजेपेक्षा जास्त काळजी करतात, आणि शेड उभारणारे ती जवळजवळ करतच नाहीत. खरं तर उलटं असायला हवं. का, ते आकड्यांनिशी पाहू.

एका भोकाचा हिशेब

साध्या पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा एक अंश सेल्सिअसनं तापला की ०.०१२ मिलिमीटर वाढतो. लक्षात ठेवायला सोपं रूप असं: दहा मीटर लांबी, दहा अंशांचा फरक, वाढ १.२ मिमी. स्टेनलेस स्टील याहून जास्त वाढतं, मीटरमागे अंशाला साधारण ०.०१६ ते ०.०१७ मिमी. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट, ०.०२३ मिमी. काँक्रीट पोलादाच्या आसपास, ०.०१० मिमी. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट मात्र पोलादाच्या निम्म्यानंच वाढतो, ०.००५ ते ०.००७ मिमी.

आता कड्यावरचा बोल्ट घेऊ. प्रस्तरारोहणात बहुतेक वेळा १० किंवा १२ मिमी जाडीचा बोल्ट वापरतात आणि तो सात-आठ सेंटिमीटर खोल बसतो. हिवाळ्यातली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यांत कातळाच्या पृष्ठभागाला ४० अंशांचा फरक पडतो असं धरू. १० मिमीचा स्टेनलेस बोल्ट तेवढ्या फरकानं जाडीत ०.००६४ मिमी फुगेल. भोवतालच्या खडकातलं भोकही ०.००२४ मिमी मोठं होईल. दोघांतला फरक ०.००४ मिमी, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा हिस्सा. ड्रिलच्या १० मिमी बिटनं पडणारं भोकच मुळात १० मिमीपेक्षा दोन ते साडेचार दशांश मिमी मोठं असतं. त्यापुढे उष्णतेच्या फुगवट्याची काही मातब्बरी नाही. बोल्ट फुगून कातळ तडकेल ही भीती म्हणूनच निराधार आहे.

लांबीच्या दिशेनं गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि प्रामाणिक आढाव्यात ती लपवून चालणार नाही. विस्तारी बोल्ट, ज्याला बाजारात सरसकट ‘अँकर फास्टनर’ म्हणतात, तो नट आवळून ताणलेला असतो. एम१० बोल्टवर दोनेक टनांचा ताण दिला तरी सहा सेंटिमीटर लांबीत तो जेमतेम ०.१ मिमी ताणला जातो. चाळीस अंशांनी तापल्यावर बोल्ट आणि खडक यांच्या वाढीतला फरक ०.०२५ मिमीच्या घरात जातो. म्हणजे ऐन उन्हात बोल्टच्या ताणातला सुमारे चौथा हिस्सा ढिला पडू शकतो आणि रात्री परत येतो. एवढ्यानं बोल्ट निघून येत नाही, कारण वर ओढलं की त्याचा सुळ्यासारखा भाग भोकात आणखी रुततो. पण नट अधूनमधून पाहावे लागतात, त्यामागच्या कारणांत हे एक आहे. फुगवट्यानं कातळ फुटत नाही. ताण मात्र रोज थोडा श्वास घेतो.

खरा शत्रू पाणी

मग कड्यावरचे बोल्ट खराब होतात ते कशानं? गंजानं. पोलाद गंजतं तेव्हा त्याचा गंज मूळ धातूच्या दुपटीपासून सहा पटींपर्यंत जागा व्यापतो. उष्णतेनं बोल्ट हजारांश मिलिमीटरच्या हिशेबात फुगतो, गंजानं तो दशांश मिलिमीटरच्या हिशेबात फुगतो. जुन्या खुंटीभोवती दगडाला गोल भेग पडलेली दिसते, ती बहुधा गंजाची करणी असते. नाव मात्र उन्हाचं होतं.

जुन्नरचा पश्चिम भाग म्हणजे नाणेघाट, जीवधन, हडसर, आणि आंबेगावचा पश्चिम भाग म्हणजे आहुपे, भीमाशंकरकडचा डोंगर. घाटमाथ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत कातळ वाळतच नाही. इथं नुसता जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत बोल्ट काही पावसाळेच टिकतो, कारण विजेनं चढवलेला तो थर पाच-दहा हजारांश मिमीचाच असतो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड बोल्टवरचा थर त्याच्या कितीतरी पट जाड, पन्नासेक हजारांश मिमीचा असतो. कायमच्या बोल्टसाठी स्टेनलेस, शक्यतो ३१६ प्रतीचं, हाच शहाणा पर्याय. त्यातही एक चूक नेहमी होते: बोल्ट साध्या पोलादाचा आणि त्यावरची पट्टी, म्हणजे हँगर, स्टेनलेसची. दोन वेगळे धातू ओल्यात एकमेकांना टेकले की त्यातला लवकर गंजणारा धातू झपाट्यानं खाल्ला जातो. वरून पट्टी लखलखीत दिसते आणि आत बोल्ट पोखरलेला असतो.

थायलंडच्या समुद्रकाठच्या चुनखडीच्या कड्यांवर स्टेनलेससुद्धा टिकलं नाही. खाऱ्या हवेत आणि ताणाखाली त्याला सूक्ष्म भेगा पडल्या आणि आरोहकांना टायटॅनियमकडे वळावं लागलं. नाणेघाट समुद्रापासून पुरेसा आत आहे, त्यामुळे आपल्याला तितकं महाग पडायचं कारण नाही. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या कड्यांसाठी मात्र हा इशारा लागू आहे.

जुन्या कारागिरांनी पाण्याचा हा प्रश्न आपल्या पद्धतीनं सोडवला होता. दगडातल्या भोकात लोखंड बसवून भोवती वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं उष्णतेनं पोलादाच्या दुपटीहून जास्त वाढतं, पण ते मऊ असतं; दाब आला की दबतं आणि पाणी आत शिरू देत नाही. सिंधुदुर्गाच्या पायातही शिसं ओतल्याचं सांगितलं जातं. आज कुणी शिसं ओतत नाही, पण तत्त्व तेच आहे: भोक भरलेलं हवं आणि त्यात पाणी साचायला नको.

खडकाची जात आणि बोल्टची जात

दख्खनचा बेसॉल्ट एकसारखा नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले. एका थराच्या पोटात घट्ट काळा पाषाण असतो, माथ्याकडे वायूच्या बुडबुड्यांनी झालेला सच्छिद्र खडक असतो, त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजं भरलेली असतात, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो ठिसूळ खडकही याच घराण्यातला. सुळक्यावर तीस फुटांच्या चढाईत हे सगळे प्रकार हाताखालून जातात.

म्हणून बोल्ट निवडण्याआधी हातोडी. घट्ट पाषाणावर हातोडी मारली की ठणठणीत आवाज येतो. आत पोकळ असेल, पापुद्रा सुटलेला असेल, तर आवाज बद्द येतो. बद्द आवाजाच्या जागी कोणताच बोल्ट भरवशाचा नाही. ठणठणीत पाषाणात विस्तारी बोल्ट चालतो, कारण तो बाजूला दाब देऊन धरतो आणि पाषाण तो दाब सोसतो. सच्छिद्र किंवा मऊ खडकात तोच दाब भोकाच्या कडा चिरडतो. तिथं राळेनं, म्हणजे रेझिननं चिकटवलेला केमिकल बोल्ट बरा, कारण तो भोकाच्या सगळ्या लांबीवर भार वाटून देतो आणि बाहेरच्या दिशेनं दाबत नाही. काठापासून आणि दुसऱ्या बोल्टपासून अंतर ठेवायचं, ते साधारण बोल्टच्या जाडीच्या दहा-बारा पट तरी. जुन्या सडक्या बोल्टला चिकटून नवा मारणं म्हणजे दोन्हींची वाट लावणं.

आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघाच्या, म्हणजे यूआयएएच्या १२३ क्रमांकाच्या मानकानुसार अशा बोल्टनं आडव्या ओढीला २५ किलोन्यूटन आणि बाहेरच्या सरळ ओढीला २० किलोन्यूटन तरी सोसायला हवेत. २५ किलोन्यूटन म्हणजे साधारण अडीच टन. चढाईचे दोर पडणाऱ्याच्या अंगावर येणारा झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहील असेच बनवलेले असतात, तेव्हा या आकड्यांत पुरेसा राखीव वाटा आहे. पण हे आकडे चांगल्या काँक्रीटच्या ठोकळ्यातल्या चाचणीचे आहेत. मांजऱ्यात बोल्टवरच्या छापाला अर्थ उरत नाही.

केमिकल बोल्टच्या बाबतीत एका साध्या कामावर सगळं अवलंबून असतं: भोक साफ करणं. ड्रिलनं भोक पाडल्यावर आत पिठासारखी धूळ राहते. फुंकणीनं फुंकायचं, तारेच्या ब्रशनं घासायचं, पुन्हा फुंकायचं, आणि हे धूळ यायची थांबेपर्यंत करायचं. राळ दगडाला चिकटायच्या ऐवजी धुळीला चिकटली की बोल्ट हातानं गोल फिरतो. पावसाळी ओल्या भोकात काही राळी नीट बसतच नाहीत, आणि थंडीत त्या घट्ट व्हायला कितीतरी जास्त वेळ घेतात. डब्यावरच्या तक्त्यात तापमानानुसार किती थांबायचं ते दिलेलं असतं. तो तक्ता वाचायचा कंटाळा फार महागात पडतो.

साखळी आणि रेलिंग

शिवनेरीची साखळी आणि गडावरच्या पायऱ्यांचं रेलिंग दोन्ही चढणाऱ्याच्या हाताला आधार देतात, पण उष्णतेच्या हिशेबात त्या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

साखळी सैल लोंबते. ती कितीही तापली तरी तिची वाढ कड्यांच्या सैलपणात जिरून जाते आणि दगडातल्या खुंटीला तिचा पत्ताही लागत नाही. खुंटीवर येतो तो फक्त साखळीचा आणि माणसाचा भार. हडसरच्या सुट्या खुंट्यांचंही तसंच. प्रत्येक खुंटी आपापली, शेजारणीशी तिचं काही देणंघेणं नाही.

रेलिंगचा नळ सरळ, अखंड आणि वेल्डिंगनं जोडलेला असतो. बारा मीटरचा सरळ नळ घेऊ. दगड मोठा, जड आणि सावकाश तापणारा. नळ पातळ आणि उन्हात लगेच तापणारा. चाळीस अंशांच्या फरकानं नळाला पावणेसहा मिमी वाढायचं आहे. दोन्ही टोकं कातळात पक्की जखडली असतील, तर वाढ होत नाही; तिच्या जागी दाब येतो. पोलादात हा दाब चौरस मिलिमीटरला सुमारे ९६ न्यूटन होतो. दीड इंची मध्यम जाडीच्या नळाच्या धातूचं क्षेत्रफळ साधारण ४५० चौरस मिमी. गुणाकार केला तर ४३ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांवर. प्रस्तरारोहणाच्या उत्तम बोल्टची मानकातली ताकद २५ किलोन्यूटन आहे, हे लक्षात घेतलं की हा आकडा केवढा ते कळतं. एकही माणूस रेलिंगला टेकलेला नाही, आणि नुसत्या उन्हानं टोकाच्या बोल्टवर इतका जोर येऊ शकतो.

प्रत्यक्षात इतका जोर क्वचित येतो, कारण नळ बाकतो, वळणावर वाकतो, खांब थोडे झुकतात. वाट वळणावळणाची असेल तर प्रत्येक वळण हे आपोआप मिळालेलं मोकळेपण असतं. अडचण सरळ आणि लांब तुकड्यांची. तिथं मधल्या खांबांवर दोन्ही बाजूंनी येणारा जोर एकमेकाला मारतो. टोकाचा खांब मात्र एकटा सापडतो. म्हणून बहुतेक वेळा टोकाचाच बोल्ट आधी ढिला होतो, आणि लोक समजतात की कुणीतरी हिसका दिला. उपाय सोपा आहे. सहा-सहा मीटरवर नळ तोडायचा आणि जोडावर आत थोडा लहान नळ सरकता बसवायचा, एका बाजूला वेल्ड, दुसऱ्या बाजूला मोकळा. हाताला रेलिंग अखंडच लागतं, आणि बोल्टला उन्हाचा जाच राहत नाही.

इथंच या साऱ्या आढाव्याचं सूत्र हाती येतं. उष्णता बोल्टच्या जाडीत काही करत नाही. ती बोल्टनं धरलेल्या वस्तूच्या लांबीत खेळते. बोल्टकडे पाहून काही कळत नाही, दोन बोल्टांमधलं अंतर पाहावं लागतं.

शेडचा पाया

मंचर किंवा नारायणगावजवळ कांदा-बटाटा, टोमॅटो साठवायची किंवा प्रतवारीची अठ्ठेचाळीस मीटर लांबीची पत्र्याची शेड घेऊ. सहा-सहा मीटरचे आठ गाळे. बांधली त्या दिवसाच्या तापमानापेक्षा सांगाडा ३० अंशांनी तापला, तर ४८ मीटरमध्ये १७ मिमी वाढ होते. आडवे-तिरपे ताण, ज्यांना फॅब्रिकेटर ‘क्रॉस ब्रेसिंग’ म्हणतात, ते दोन्ही टोकांच्या गाळ्यांत घातले तर शेड दोन टोकांना जखडली जाते आणि मधला सगळा सांगाडा दोघांमध्ये दाबला जातो. तेच ब्रेसिंग मधल्या गाळ्यात घातलं, तर शेड मधून दोन्हीकडे साडेआठ-साडेआठ मिमी वाढते आणि टोकाचे खांब तेवढे सहज झुकतात. एक पैसाही जास्त लागत नाही. वाऱ्यासाठी टोकालाही ब्रेसिंग हवंच असेल, तर दोन ब्रेसिंगमधली लांबी आटोक्यात ठेवायची किंवा मध्ये सांधा द्यायचा. काँक्रीटच्या इमारतींसाठी आयएस ४५६ ही संहिता ४५ मीटरपुढे विस्तार सांधा देण्याचा विचार करायला सांगते.

आता भोकं. आयएस ८००:२००७ मध्ये भोकाच्या मापांचा तक्ता आहे. १६ ते २२ मिमी जाडीच्या बोल्टला नेहमीचं भोक २ मिमीनं मोठं, ओव्हरसाइज भोक ४ मिमीनं मोठं, आखूड स्लॉट, म्हणजे लांबट भोक, ६ मिमीनं लांब, आणि लांब स्लॉट बोल्टच्या जाडीच्या अडीच पट. यातलं कोणतं कुठे, हे ठरवणं हेच काम. पर्लिनचा, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या तुळईचा, किंवा लांब गर्डरचा सरकता जोड असेल तिथं स्लॉट. भार वाहणारा पक्का जोड असेल तिथं नेहमीचं भोक.

पायाच्या बेसप्लेटचं भोक वेगळ्या कारणानं मोठं असतं. काँक्रीटमध्ये गाडलेले फाउंडेशन बोल्ट ओतकामात पाच-दहा मिमी इकडेतिकडे सरकतात. म्हणून २० मिमीच्या बोल्टला बेसप्लेटमध्ये ३० मिमीच्या पुढचं भोक पाडणं हे परदेशी संहितांतही मान्य आहे. पण ते मोठं भोक झाकायला वर जाड चौकोनी वॉशर हवा, आणि खांब ओळंब्यात आल्यावर तो बेसप्लेटला वेल्ड करायला हवा. साइटवर होतं ते असं: बोल्ट चुकीच्या जागी आले, बेसप्लेट बसेना, मग गॅसकटरनं भोक ‘वाढवून’ घेतलं जातं. वेडीवाकडी कड, वर पातळ वॉशर, नट आवळला की वॉशर भोकात बशीसारखा वाकतो. हा मोकळेपणा उष्णतेसाठी सोडलेला नसतो, चूक झाकण्यासाठी सोडलेला असतो. त्यात खांब वाऱ्यानं सरकतो. ओतकामाआधी पत्र्याचा साचा करून बोल्ट त्यात धरले, आणि बोल्टच्या वरच्या भागाला पाइपची बाही घालून थोडी हालचाल ठेवली, तर गॅसकटर लागतच नाही.

छपराचा पत्रा हा उष्णतेचा सगळ्यात उघड बळी. एप्रिलच्या दुपारी तो साठ अंशांच्या पुढे जातो, जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली येतो. तीस मीटर लांबीचा अखंड पत्रा पन्नास अंशांत १८ मिमी हलतो. प्रत्येक पर्लिनला स्क्रूनं खिळवलेला असा पत्रा रोज स्क्रूच्या भोवती घासतो. भोक हळूहळू लांबट होतं, रबराचा वॉशर फाटतो, आणि दोन-तीन वर्षांत पावसात टपटप सुरू होते. गळतीला स्क्रू आणखी आवळणं हा उपाय नाही. लांब पत्रे दोन तुकड्यांत, पुरेसा एकावर एक चढ देऊन घालणं, किंवा सरकत्या क्लिपांवर बसणारे पत्रे वापरणं हाच उपाय.

छपरावरच्या सौर पॅनेलची ॲल्युमिनियमची पट्टी तर आणखी वाढते. बारा मीटरची अखंड पट्टी ४५ अंशांत साडेबारा मिमी. म्हणून ठरावीक लांबीनंतर पट्टीत फट ठेवायची, आणि ती फट एका पॅनेलच्या खाली येऊ द्यायची नाही.

केमिकलचा मोह

फाउंडेशन बोल्ट चुकले की हल्ली दुसरा मार्ग काढतात: भोक पाडा, केमिकल भरा, नवा बोल्ट टाका. काम झटपट होतं, आणि योग्य जागी ते चांगलंही असतं. पण छताला टांगलेल्या वजनासाठी, म्हणजे सतत खाली ओढणाऱ्या भारासाठी, राळ हे नाजूक प्रकरण आहे. १० जुलै २००६ ला अमेरिकेत बॉस्टनच्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे पट्टे मोटारीवर कोसळले आणि एक महिला गेली. चौकशीत निघालं की तिथं वापरलेली लवकर सुकणारी राळ सततच्या ओढीनं हळूहळू वाहत गेली होती. पहिल्या दिवशीच्या चाचणीत तिनं भार पेलला होता. २ डिसेंबर २०१२ ला जपानच्या सासागो बोगद्यात टांगतं छत पडून नऊ जण गेले, तिथंही छताला धरून ठेवणारे राळेचे बोल्ट सुटले होते. उन्हात तापणाऱ्या पोलादाला चिकटलेली राळ मऊ पडू शकते, ही आपल्याकडची आणखी एक अडचण. केमिकल बोल्ट घेताना नुसती एका क्षणाची ताकद पाहायची नाही. सततच्या भारासाठी आणि किती तापमानापर्यंत तो मान्य आहे, हे पाहायचं.

खोडदची तबकडी

नारायणगावच्या पूर्वेला खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी, म्हणजे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून १९९० च्या दशकात ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यवर्ती चौकात आणि सोळा तीन बाहूंवर, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या.

पंचेचाळीस मीटरची पोलादी तबकडी ३० अंशांनी तापली की व्यासात १६ मिमी वाढते. तिनं काटेकोर राहायचं तर हे भयंकर वाटतं. पण ही दुर्बीण ज्या लहानात लहान तरंगलांबीवर काम करते ती २१ सेंटिमीटरच्या आसपास आहे, आणि सगळी तबकडी एकसारखी वाढली तर तिचा आकार मोडत नाही, फक्त थोडा मोठा होतो. घातक ठरतो तो असमान ताप, एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत. स्वरूप यांनी यासाठी आणि वाऱ्यासाठी जे केलं ते थोर आहे: जड पत्र्याच्या जागी ०.५५ मिमी जाडीच्या स्टेनलेस तारेची जाळी, दोरांच्या चौकटीवर ताणलेली. जाळी वाऱ्याला अडवत नाही, ऊन तिच्यातून पार जातं, आणि ताणलेली तार वाढली-आकुंचली तर तिचा ताण किंचित बदलतो, काही मोडत नाही.

तबकडी १५ मीटर उंच काँक्रीटच्या मनोऱ्यावर ३.६ मीटर व्यासाच्या फिरत्या बेअरिंगवर बसते. असं बेअरिंग बोल्टांच्या वर्तुळावरच धरतात. पोलाद आणि काँक्रीट यांच्या वाढीतला फरक या व्यासावर ३० अंशांत जेमतेम ०.२ मिमी येतो. इथं स्लॉटची गरज नाही, उलट एकेक बोल्ट सारखा आणि पुरता आवळलेला हवा, कारण वारा तबकडीला उलथवायला पाहतो. लांबी छोटी, धातूंची वाढ जुळती, भार मोठा: म्हणून घट्ट.

कारखान्याची टाकी

दोन्ही साखर कारखान्यांच्या हंगामात बॉयलर अग्निप्रदीपनापासून पट्टा पडेपर्यंत उष्णतेचं राज्य असतं. सहवीजनिर्मितीच्या बॉयलरमधली वाफ पाचशे अंशांच्या आसपास असते. तेवढ्या तापमानाला पोलाद आणखी जोरात वाढतं. चाळीस मीटरचा वाफेचा नळ पाव मीटरहून जास्त लांबतो. एवढी वाढ बोल्टच्या भोकात मावणं शक्य नाही. म्हणून वाफेच्या नळाला मोठी वळणं देतात आणि त्याला स्प्रिंगवर टांगतात.

बोल्टच्या भोकाचं खरं शास्त्र दिसतं ते बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या आडव्या टाकीत, म्हणजे डीएरेटरमध्ये. ती दोन खोगिरांवर निजलेली असते. पाणी १०५ अंशांच्या आसपास. खोगिरांमध्ये चार मीटर अंतर असेल, तर टाकी थंड असतानापेक्षा पावणेचार-चार मिमी लांब होते. नियम असा: एक खोगीर पक्कं, दुसरं सरकतं. पक्क्या खोगिराची भोकं गोल. सरकत्याची भोकं लांबट, टाकीच्या लांबीच्या दिशेनं. बोल्ट स्लॉटच्या मधोमध ठेवायचा नाही. टाकी थंड असताना बसवली, म्हणजे पुढे ती वाढणारच आहे. म्हणून बोल्ट अशा टोकाला, की टाकी तापल्यावर स्लॉट त्याच्या भोवतीनं सरकून जाईल. नट हातानं टेकवायचा, मग किंचित सैल करायचा, आणि वर चेक नट आवळून तिथंच अडवायचा. खाली घासायला टेफ्लॉनचा किंवा गुळगुळीत पोलादाचा तुकडा.

हे सगळं नकाशावर बरोबर असतं आणि जागेवर बिघडतं. ग्राउट ओतताना सरकत्या खोगिराच्या कडेवर सिमेंट चढतं. रंगारी स्लॉट रंगानं भरतो. आणि कुणीतरी सैल नट दिसला म्हणून पान्यानं गच्च आवळतो, कारण सैल नट म्हणजे हलगर्जीपणा असं त्याला शिकवलेलं असतं. मग टाकी वाढते, खोगीर सरकत नाही, आणि पायाचं काँक्रीट किंवा टाकीला जोडलेला नळ तडकतो. अशा नटाशेजारी रंगानं ‘आवळू नये’ असं लिहिणं हा सगळ्यात स्वस्त बंदोबस्त.

निवडीचा क्रम

एवढं सगळं पाहिल्यावर बोल्ट निवडण्याचा क्रम आपोआप ठरतो. पहिलं, बोल्ट कशात बसणार: ठणठणीत पाषाण, सच्छिद्र खडक, ताजं काँक्रीट की जुनं? यावर विस्तारी की केमिकल की गाडलेला, हे ठरतं. दुसरं, तिथं पाणी किती? यावर धातू ठरतो, आणि घाटमाथ्यावर याचं उत्तर मंचरपेक्षा वेगळंच येणार. तिसरं, भार कसा: क्षणिक झटका, सततची ओढ, की वाऱ्याची उलथापालथ? चौथं, बोल्टनं धरलेली वस्तू किती लांब, किती तापणार आणि कुठल्या दिशेनं वाढणार? चौथ्याचं उत्तर दोन-चार सेंटिमीटर असेल तर उष्णतेचा विषय तिथंच मिटला. ते काही मीटर असेल, तर एक जागा पक्की ठरवायची आणि बाकी जागा त्या दिशेनं मोकळ्या सोडायच्या.

आपल्याकडे कामाची गुणवत्ता नट किती घट्ट आहे यावर जोखली जाते. कामाची पाहणी करणारा माणूसही नटाला हात लावून पाहतो आणि हलला नाही तर समाधानानं पुढे जातो. या दोन तालुक्यांतल्या बहुतेक गळक्या छपरांचं, ढिल्या रेलिंगांचं आणि तडकलेल्या पायांचं मूळ तिथं आहे. फॅब्रिकेटरला दिलेल्या नकाशावर प्रत्येक जोडासमोर ‘पक्का’ किंवा ‘सरकता’ असा एक शब्द लिहिला आणि पाहणी त्याप्रमाणे केली, तर कुठलाही महागडा बोल्ट न घेता निम्म्या तक्रारी कमी होतील. हा शब्द लिहायची जबाबदारी अभियंत्याची आहे, आणि तो लिहून मागायची जबाबदारी शेड बांधून घेणाऱ्याची.